जुन्या युरोपीय चित्रांतले ‘अमेरिकन आदिवासी’ : या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी चित्रं शोधून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते. कोलंबसानंतरच्या अमेरिकेवर लेख आला की लेखक चार चित्रंही जोडून पाठवतो, आणि त्यातलं निदान एक चुकीचं निघतं. चुका दरवर्षी त्याच. फोनवर समजावून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

सर्वांत मोठी चूक माझ्याच हातून झाली आहे. अंक छपाईला जायला दोन दिवस होते. लेख व्हर्जिनियावर, आणि सोबत एक एनग्रेव्हिंग (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) : उघडाबंब योद्धा, अंगभर रंगवलेली नक्षी, हातात कापलेलं मुंडकं, दुसरं मुंडकं पायाशी. खाली ‘थिओडोर द ब्री, १५९०’, म्हणजे ते कोरणाऱ्या आणि छापणाऱ्याचं नाव. पुस्तक व्हर्जिनियाचंच, साल बरोबर. छापून टाकलं. आठवड्याभरात एका निवृत्त शिक्षकांचा फोन. “ताई, ह्याच्या कमरेला तलवार दिसतेय. तिकडच्या लोकांकडे तलवारी कुठून आल्या?” भिंग घेऊन बसले. खरंच, चांगली वाकडी तलवार. हा गडी अमेरिकेतला नव्हताच! तो पिक्ट, म्हणजे प्राचीन स्कॉटलंडचा रहिवासी. द ब्रीने पुस्तकाच्या शेवटी पिक्ट आणि त्यांच्या शेजाऱ्यांची पाच चित्रं मुद्दाम जोडली होती. ब्रिटनमधले लोकही एके काळी व्हर्जिनियातल्या लोकांइतकेच रानटी होते, हे त्याला दाखवायचं होतं. जो आरसा इंग्रजांसमोर धरलेला, तोच आम्ही आदिवासींच्या गळ्यात अडकवला.

तेव्हापासून सुटं चित्र घेत नाही. मूळ पुस्तकाचं स्कॅन उघडते आणि चित्राच्या मागचं-पुढचं पान बघते. पाच मिनिटांचं काम. “तेवढा वेळ नाही हो” म्हणणाऱ्यांना मी हल्ली चित्राशिवाय लेख छापा असं सांगते.

दुसरी चूक द ब्रीला साक्षीदार मानण्याची. हा बाबा अटलांटिक कधी ओलांडून गेलाच नाही, फ्रँकफुर्टमध्ये बसून तांब्याचे पत्रे कोरत होता. रोआनोकला, म्हणजे तेव्हाच्या व्हर्जिनियातल्या बेटावर, १५८५ च्या इंग्रज मोहिमेत गेला तो चित्रकार जॉन व्हाइट. त्याची जलरंगातली चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. द ब्रीने कोरली ती त्यांवरूनच. दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघाच. पोमेयोक गावची एक बाई आणि तिची आठ-दहा वर्षांची मुलगी. व्हाइटकडे दोघी कोऱ्या कागदावर उभ्या आहेत, आणि मुलीच्या हातात इंग्रजी झगा घातलेली बाहुली. इंग्रज पाहुण्यांनी भेट म्हणून काय वाटलं ते त्या एवढ्याशा बाहुलीवरून कळतं. द ब्रीकडे मागे अख्खा देखावा उगवतो, अंगं ग्रीक पुतळ्यांसारखी भरतात आणि मुलीच्या दुसऱ्या हातात खुळखुळा येतो. मी मथळ्यात ‘व्हाइटच्या चित्रावरून द ब्रीने कोरलेलं’ असं पूर्ण लिहिते. ओळ लांबते म्हणून कुरकुरणाऱ्या डिझायनरने अक्षर लहान करावं.

व्हाइट म्हणजे तरी कॅमेरा नव्हे. मासेमारीच्या एका चित्रात त्याने दिवसाची आणि रात्रीची पद्धत एकत्र कोंबली आहे. आणि त्याचे रंग फिके दिसतात म्हणून ते भडक करून पाठवू नका. १८६५ मध्ये लिलावगृहाच्या आगीत ही चित्रं पाण्याने भिजली, रंग समोरच्या कागदांवर उतरले. तो फिकेपणाही चित्राचा इतिहासच आहे.

फ्लोरिडाच्या तिमुकुआ लोकांची १५९१ ची चित्रं तर आणखी जपून वापरा. फ्रेंच चित्रकार ल म्वान तिथे १५६४ मध्ये गेला होता खरा, पण छापलेली चित्रं पुन्हा द ब्रीचीच, आणि त्यांत नॉटिलसचे शंख दिसतात. हा प्राणी हिंदी-प्रशांत महासागरातला; फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कुठला?

अमेरिकेतल्या स्पॅनिश अत्याचारांवर लिहिणाऱ्या लास कासासच्या पुस्तकाची १५९८ ची आवृत्ती घ्या : तिच्यातली स्पॅनिश क्रौर्याची चित्रंही द ब्रीच्याच छापखान्यातली. लास कासास स्वतः स्पॅनिश आणि कॅथलिक पाद्री, द ब्री प्रोटेस्टंट. कोण कोणाला बदनाम करतंय ते आधी बघा.

चित्र उलटं असू शकतं, कारण पत्र्यावरून छाप घेताना डावं-उजवं बदलतं. एका विद्यार्थ्याने यावरून एक अख्खी जमात डावखुरी ठरवली होती.

‘रेड इंडियन’ नको. नाव माहीत असेल तर सेकोटान (रोआनोकच्या आसपासचे), तिमुकुआ, तुपिनांबा (ब्राझीलचे) असं लिहा.

राहिला पिसांचा घागरा. १५०५ च्या सुमाराला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये छापलेल्या वुडकटमध्ये (लाकडी ठशाच्या चित्रात) ब्राझीलचे लोक कमरेला पिसं गुंडाळून माणसाचं मांस खाताना दिसतात, आणि पुढे तोच पोशाख सगळ्या अमेरिकेला चिकटला. तुपिनांबांचे खरे पिसांचे झगे वेगळेच : खांद्यावरून पाठीवर सोडलेले, लालभडक आयबिस पक्ष्याच्या पिसांचे, विधीच्या वेळचे. कोपनहेगनहून त्यातला एक २०२४ मध्ये ब्राझीलला परतला.

हा घागरा आपल्याकडेही येतो, म्हणून सावध राहा. सम्राट माक्सिमिलियनच्या मिरवणुकीच्या चित्रमालिकेत हान्स बुर्कमायर या जर्मन चित्रकाराने ‘कालिकतचे लोक’ काढले आहेत. मलबारवरच्या लेखासोबत ही चित्रं माझ्याकडे दोनदा आली, दोन्ही वेळा परत पाठवली. कारण कालिकतच्या त्या लोकांच्या अंगावर पिसं आहेत, सोबत अमेरिकेतले मकाव पोपट आहेत, आणि हातात तिकडच्याच मक्याची कणसं.