मजुरीत मोठी सूट मागणाऱ्या ग्राहकाशी बोलणी कशी करावी

ग्राहकाशी दराची बोलणी सुरू करण्यापूर्वी कारागिराने स्वतःचा हिशोब कागदावर मांडलेला असावा. समजा, बिलाच्या 100 भागांपैकी 75 भाग माल, मदतनिसाची मजुरी, वाहतूक आणि हत्यारांची झीज यांत जातात व 25 भाग हाती उरतात. अशा वेळी 20 टक्के सूट दिली, तर खर्च तसाच राहून हाती केवळ 5 भाग उरतात, म्हणजे पूर्वी एका कामात होणाऱ्या कमाईसाठी आता पाच कामे करावी लागतात. ग्राहकाला ही मागणी 20 टक्क्यांची वाटते, पण कारागिराची कमाई 80 टक्क्यांनी घटते.

अंदाजपत्रक तोंडी न सांगता लेखी द्यावे. त्यात माल, मजुरी, जुने काम काढण्याचा खर्च आणि राडारोडा उचलण्याचा खर्च वेगवेगळा दाखवावा, तसेच हा दर किती दिवस लागू राहील तेही लिहावे. एकच ठोक आकडा दिसला की ग्राहकाला त्यातून काहीतरी कापावेसे वाटतेच.

सूट मागताच आकडा खाली आणणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण त्यातून पहिला आकडा फुगवलेला होता असाच अर्थ निघतो आणि ग्राहक आणखी रेटून पाहतो. त्याऐवजी त्याचे बजेट विचारावे आणि त्यात बसेल एवढे काम सुचवावे. रंगकामात सर्व खोल्यांऐवजी दोनच खोल्या आता घेता येतात; सुतारकामात कपाटाचे कप्पे कमी करता येतात किंवा महाग सनमायकाऐवजी साधा वापरता येतो. मात्र भेगा न भरता किंवा प्रायमर न लावता रंग देणे, अथवा वायरिंगमध्ये अर्थिंग वगळणे, अशी काटछाट ग्राहकाने आग्रह धरला तरी मान्य करू नये. पुढे रंगाचे पोपडे निघाले की नाव कारागिराचेच खराब होते, आणि अर्थिंगअभावी तर जिवावर बेतू शकते.

‘दुसरा कमी पैशांत करून देतो’ असे ऐकल्यावर त्या दुसऱ्याला नावे ठेवू नयेत. त्याच्या दरात कोणता माल, रंगाचे किती हात आणि कामानंतरची दुरुस्ती धरली आहे का, एवढेच शांतपणे विचारावे. बहुधा दोन्ही कामे सारखी नसतात, आणि खरोखर सारखी असतील तर ग्राहकाने तिकडे जाणेच योग्य.

‘पुढे भरपूर कामे देऊ’ या आश्वासनावर मात्र आज सवलत देऊ नये. दुसरे काम प्रत्यक्ष मिळाल्यावर त्या कामाच्या शेवटच्या बिलात ती देऊ, असे सांगावे. ओळखीच्या माणसांना सवलत द्यायचीच असेल, तर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट वेगळी दाखवावी, म्हणजे पुढच्या वेळी तीच घटलेली रक्कम मूळ दर म्हणून पुढे केली जात नाही.

एवढ्यावरही ग्राहक अडून राहिला, तर ‘या रकमेत मला हे काम नीट करता येणार नाही’ असे नम्रपणे सांगून तेथेच थांबावे आणि अंदाजपत्रकाची प्रत त्याच्याकडे राहू द्यावी.