स्पॅनिशमधले ‘हा’, ‘तो’ आणि ‘तो पलीकडचा’

मराठीत बोट दाखवायला दोनच शब्द पुरतात, जवळचं ते ‘हे’ आणि लांबचं ते ‘ते’. स्पॅनिशला तीन लागतात. तक्ता पाठ करण्याआधी ही तीन अंतरं अंगात मुरवा, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

त्यासाठी तीन कप घ्या. एक स्वतःच्या हातात, दुसरा समोर बसलेल्या मैत्रिणीपुढे, तिसरा लांब खिडकीत. कपाला स्पॅनिशमध्ये ‘तासा’ म्हणतात. तुमच्या हातातला कप ‘एस्ता तासा’, मैत्रिणीपुढचा ‘एसा तासा’ आणि खिडकीतला ‘आकेया तासा’. आता मैत्रिणीला बोलू द्या. तिचा कप ‘एस्ता’ होईल, तुमचा ‘एसा’, पण खिडकीतला ‘आकेया’च राहील, कारण तो दोघींपासूनही लांब आहे. म्हणजे मधला शब्द ‘ऐकणाऱ्याजवळचा’ आणि तिसरा ‘दोघांच्याही पलीकडचा’. लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात मधला शब्द पुष्कळदा तिसऱ्याचंही काम करतो, पण शिकताना तिन्ही वेगळे ठेवा.

इथे मराठी कान फसतो. आपल्याकडे ‘त’ लांबचा: तो, ती, ते. स्पॅनिशमध्ये ‘त’ असलेला ‘एस्ता’ मात्र जवळचा. पहिला आठवडा हे मुद्दाम घोकावं लागतं.

अंतर ठरलं की लिंग आणि वचन बघा. विशेषण नामाप्रमाणे बदलतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही, पण मराठीतलं लिंग सोबत नेऊ नका. आपला कप पुल्लिंगी, त्यांची ‘तासा’ स्त्रीलिंगी. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचा ‘लिब्रो’ पुल्लिंगी.

पुल्लिंगी: एस्ते, एसे, आकेल; अनेकवचनी एस्तोस, एसोस, आकेयोस.
स्त्रीलिंगी: एस्ता, एसा, आकेया, अनेकवचनी एस्तास, एसास, आकेयास.

पुल्लिंगी एकवचन ‘ओ’ने संपत नाही, म्हणून ‘एस्ते लिब्रो’, पण अनेकवचनात ‘एस्तोस लिब्रोस’. एक मोठा दिलासाही आहे. ‘हे घर’चं ‘ह्या घरात’ होतं तसा सामान्यरूपाचा बदल इथे नाही. ‘एस्ता कासा’ म्हणजे हे घर, ‘एन एस्ता कासा’ म्हणजे ह्या घरात.

आता नाम गाळा, तोच शब्द सर्वनाम होतो. ‘कोणता कप हवा?’ याला ‘एसा’ एवढं उत्तर पुरतं. जुन्या पुस्तकांत सर्वनामावर स्वराघाताचं चिन्ह दिसेल. स्पॅनिश भाषेच्या रॉयल अकादमीने 2010 च्या लेखननियमांपासून ते न देण्याची शिफारस केली आहे, तेव्हा तुम्ही देऊ नका.

एस्तो, एसो, आकेयो हे तीन नपुंसकलिंगी शब्द उरले. ते कधीच नामाला जोडायचे नाहीत. वस्तू काय आहे हेच ठाऊक नसेल (‘के एस एस्तो?’, हे काय आहे?) किंवा एखाद्या अख्ख्या गोष्टीबद्दल बोलायचं असेल, तेव्हाच ते येतात. ‘पोर एसो’ म्हणजे ‘म्हणूनच’. हा शब्दप्रयोग दिवसातून दहादा कानावर पडेल.

पाण्याला ‘आग्वा’ म्हणतात. त्याच्या आधी ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद लागत असलं तरी शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘एस्ता आग्वा’. इथे स्पॅनिश मातृभाषा असलेलेही चुकतात.

आपली खास मराठी चूक आदरार्थी बहुवचनाची. ‘हे माझे बाबा’ म्हणायची सवय असल्यामुळे तोंडात ‘एस्तोस’ येतं, नाहीतर ‘हे’ नपुंसकलिंगी वाटून ‘एस्तो’. दोन्ही चूक, आणि माणसाला ‘एस्तो’ म्हणणं म्हणजे त्याला वस्तू करणं. स्पॅनिशमध्ये अनेकवचनाने मान दिला जात नाही. वडिलांची ओळख करून देताना एकवचनच वापरा: ‘एस्ते एस मी पाद्रे’. आईची करून देताना ‘एस्ता एस मी माद्रे’.