झुरळाच्या पायातला मज्जासंदेश कसा ऐकावा

झुरळ, बर्फाचं पाणी, दोन टाचण्या, बॅटरीवर चालणारा आणि सिग्नल हजारपट वाढवणारा ॲम्प्लिफायर, छोटा स्पीकर. एवढं समोर आहे असं धरतो.

झुरळाची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत ते बर्फाच्या पाण्यात ठेवा. मग मागचा एक पाय मुळाशी कापून घ्या. एक टाचणी शरीराकडच्या रुंद भागात खोचा, दुसरी मांडीत. दोन्ही एकमेकींना चिकटू देऊ नका. टाचण्या वायरींनी ॲम्प्लिफायरला जोडा आणि ॲम्प्लिफायर स्पीकरला.

आता खरी अडचण. स्पीकर लावताच एकसुरी घुं... ऐकू येतं आणि वाटतं, जमलं! जमलेलं नसतं. ती घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण असते. मी दोन संध्याकाळी तिलाच मज्जासंदेश समजून वहीत नोंदी केल्या होत्या. पाय काढून घेतला तरी आवाज तसाच राहिला, तेव्हा कळलं. तुम्हीही आधी हीच परीक्षा घ्या.

‘आवाज वाढवून बघा’ हा सल्ला साफ चुकीचा आहे, कारण सोबत गुणगुणही तेवढीच वाढते. ‘50 हर्ट्झचा फिल्टर लावा’ हाही अर्धवट. तिचे 100, 150, 200 असे पटीतले सूर मागे उरतातच. गुणगुण उगमापाशीच तोडावी लागते. ट्यूबलाइट बंद करा. लॅपटॉप वापरत असाल तर चार्जर काढा. वायरींना हात लावू नका, आपलं शरीरच अँटेनासारखं वागतं. एवढ्यानं भागलं नाही तर पाय नि टाचण्या स्टीलच्या आडव्या डब्यात ठेवा आणि डबा वायरनं ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला, म्हणजे त्याच्या शून्य व्होल्टच्या टोकाला, जोडा. ॲम्प्लिफायर ॲडॉप्टरवर किंवा घरातल्या प्लगवर कधीही चालवू नका. इथं गुणगुणीपेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

शांतता झाली की नडगीवरच्या काट्यांना टूथपिकनं हलकेच स्पर्श करा. लाह्या फुटल्यासारखा तडतडाट येईल. हाच तो! मज्जापेशीची आतली बाजू एरवी बाहेरपेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टनं ऋण असते. काटा वाकला की पेशीच्या आवरणातल्या वाटा उघडतात, सोडियमचे आयन आत धावतात आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून ती पुन्हा ऋण होते. सगळा खेळ सुमारे एका मिलिसेकंदाचा, पण तेवढ्यात शेजारच्या वाटा उघडलेल्या असतात आणि संदेश पुढे सरकतो. बाहेरच्या टाचणीला त्याचा जेमतेम अंश मिळतो, म्हणून तर एवढी शांतता हवी.

आता काटा जोरात दाबा. एकेक ‘तड’ मोठी होत नाही, त्या फक्त दाटीनं येतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी 1920च्या दशकात हेच दाखवलं आणि 1932 साली नोबेल मिळवलं. दाबून धरलात तर तडतड हळूहळू विरळ होईल. पाय सुकला समजून टाचण्या हलवू नका. काटा सोडा, थोडं थांबा, पुन्हा दाबा.