एमएमएच्या लढतीचा अंदाज कसा बांधावा

लास वेगासमध्ये शनिवारची रात्र असते तेव्हा मुंबईत रविवार उजाडलेला असतो. त्यामुळे एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स: जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं), म्हणजे ती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीच्या मोठ्या लढती आपल्याकडे चहा-पोह्यांच्या वेळेला येतात, आणि आदल्या रात्री ग्रुपवर ‘उद्या कोण मारणार?’ सुरू होतं. निम्मी उत्तरं टॅटू, दाढी आणि रील बघून आलेली असतात. नीट अंदाज बांधायचा असेल तर ‘कोण जिंकणार’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी विचारायचं, की लढत होणार कुठे? उभ्याने, जाळीला लागून, की जमिनीवर? आणि ते ठरवायची ताकद दोघांपैकी कोणात आहे?

आधी अटी बघा

साधी लढत ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते; किताबाची आणि त्या दिवशीची मुख्य लढत ५ फेऱ्यांची. पहिली दहा मिनिटं वाघ असणारा माणूस ३ फेऱ्यांत जिंकतो आणि ५ फेऱ्यांत हरतो, असं सर्रास होतं. पिंजराही बघा. यूएफसीचा नेहमीचा पिंजरा ३० फुटी, तर वेगासच्या एपेक्स या तिच्या छोट्या सभागृहातला २५ फुटी. लहान पिंजऱ्यात मागे सरकत खेळणाऱ्याची पाठ लवकर जाळीला लागते आणि अंगावर जाणाऱ्याचं फावतं.

रेकॉर्ड वाचा, पण समोर कोण होतं तेही वाचा

आपला अंशुल जुबली ऑक्टोबर २०२३ मध्ये अबू धाबीला उतरला तेव्हा एकही लढत हरलेला नव्हता. समोरच्या माइक ब्रीडनला यूएफसीत तोवर एकही विजय मिळालेला नव्हता. नुसते आकडे बघणाऱ्याला हा एकतर्फी मामला वाटला असता. तिसऱ्या फेरीत ब्रीडनने नॉकआउट केलं. ब्रीडनचे पराभव यूएफसीतल्या लोकांकडून आलेले होते, त्या पातळीचा मार त्याच्या ओळखीचा होता. म्हणून प्रत्येकाच्या शेवटच्या चार-पाच लढती घ्यायच्या आणि त्या प्रतिस्पर्ध्यांचं पुढे काय झालं ते तपासायचं. दहा मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक लोक करत नाहीत.

व्हिडिओ आवाज बंद करून बघा, आणि पराभव आधी बघा

खरा वेळ इथे घालवायचा. हायलाइट्स बघू नका. त्यात प्रत्येक जण अजिंक्य दिसतो. कॉमेंट्री बंद करा, कारण समालोचकाला एखादा आवडला की आपल्यालाही तोच जिंकताना दिसायला लागतो.

तिसऱ्या फेरीचं दुसरं मिनिट काढा आणि थांबून बघा. तोंड उघडं पडलंय का? गालापाशी असलेले हात छातीपर्यंत उतरलेत का? ठोसा मारून हात सरळ परत येतोय, की खाली लोंबून येतोय? फेऱ्यांच्या मधे स्टुलावर बसल्यावर तो कोचकडे बघतोय, की नजर शून्यात आहे? दम संपल्याच्या या खुणा कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

मग पावलं बघा. एक उजव्या हाताचा आणि एक डावखुरा असेल, तर दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात. आपलं पुढचं पाऊल समोरच्याच्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला कोण ठेवतो ते बघा. मागच्या हाताचा सरळ ठोसा बहुधा त्यालाच मोकळा मिळतो. शिवाय डावखुऱ्याची मागच्या पायाची लाथ उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या थेट यकृतावर बसते. समोरच्याने आधी किती डावखुऱ्यांशी खेळलंय, हे म्हणून शोधायचं.

कुस्तीची नजर वापरा, पण जपून

आपल्या लोकांना इथे आयता फायदा आहे. लालबाग-परळच्या तालमींत किंवा गावच्या जत्रेत कुस्त्या बघत मोठा झालेला माणूस एकेरी पट आणि दुहेरी पट (एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं) लांबून ओळखतो. पण कुस्तीत चीतपट झालं की खेळ खलास. इथे पाठ टेकल्यावर दुसराच खेळ सुरू होतो. खाली पडलेला माणूस पायांच्या विळख्यातून त्रिकोणी फास टाकू शकतो, हात मोडायला आणू शकतो. पटात शिरताना मान बाहेर राहिली तर गळाच समोरच्याच्या काखेत जातो. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भरत खंदारे हा कुस्तीतूनच आलेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला साँग याडोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकने, म्हणजे असाच पुढून गळा आवळून हरवलं.

तेव्हा पट निघतो का, एवढ्यावर थांबू नका. खाली नेल्यावर समोरचा किती वेळ खाली राहतो, ते घड्याळ लावून बघा. पाच-सात सेकंदांत जाळीला पाठ लावून उठणाऱ्याला तीनदा पाडलं तरी पाडणाराच दमतो. ‘टेकडाउन डिफेन्स ९० टक्के’ (पाडायचे दहापैकी नऊ प्रयत्न परतवले) असा आकडा दिसला, तर पट काढायला आलेले होते कोण ते विचारा. बॉक्सरांनी केलेले कच्चे प्रयत्न परतवून तो आकडा सहज फुगतो.

वजन आणि ऐनवेळचे बदल

वेगासची अधिकृत वजनं होतात तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची रात्र असते. तोवर अंदाज पक्का करू नका. गाल आत गेलेले, काट्यावर चढताना पाय लटपटतायत, टॉवेल धरावा लागतोय, असं दिसलं की त्याच्या शेवटच्या फेऱ्यांबद्दल शंका घ्यायची. पण वजन चुकलं म्हणजे हरलाच, असंही नाही. मे २०२२ मध्ये चार्ल्स ऑलिव्हेराचं वजन अर्धा पौंड जास्त भरलं, लढतीआधीच किताब गेला, आणि तरी त्याने जस्टिन गेचीला पहिल्याच फेरीत गळा आवळून हरवलं.

बदली खेळाडूला मोडीत काढू नका. मार्च २०१६ मध्ये नेट डियाझ अवघ्या ११ दिवसांच्या सूचनेवर आला. लढत १७० पौंडांवर ठरली, म्हणजे वजन उतरवायची कटकट संपली. कॉनर मॅकग्रेगरने पहिल्या फेरीत त्याचं तोंड फोडलं, पण दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगरची हवा गेली आणि डियाझने मागून गळा धरला.

पंचांसाठी जागा सोडा

लढत गुणांवर गेली तर तीन पंच प्रत्येक फेरीला बहुधा १०-९ देतात, फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. ठोशांचा किंवा पकडीचा परिणाम किती झाला, ते आधी मोजलं जातं. आक्रमकता आणि पिंजऱ्यावरचा ताबा त्यानंतर, आणि तेही आधीचं बरोबरीत असेल तरच. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हा दोन पंचांनी तिला ३०-२७ दिलं आणि तिसऱ्याने तिन्ही फेऱ्या समोरचीला दिल्या. लढत एकच! त्यामुळे चुरशीच्या, नॉकआउटची शक्यता कमी असलेल्या लढतीत कोणालाही जिंकायची ७० टक्क्यांच्या वर शक्यता द्यायचं माझ्या तरी जिवावर येतं.

आता नाव नाही, टक्के लिहा

स्वतःचा आकडा लिहून झाल्यावरच परदेशी बाजारातले भाव बघायचे, आधी नाही. एकाचा भाव १.४० (एक रुपया लावून तो जिंकला तर १.४० परत) आणि दुसऱ्याचा ३.०० असेल, तर १ भागिले भाव करा: ७१.४ आणि ३३.३ टक्के. बेरीज १०४.७ येते; वरचे ४.७ बुकीचे. ते काढून टाकलं की साधारण ६८ आणि ३२ उरतात. तुमचा आकडा यापासून फार लांब असेल, तर तुम्हाला काहीतरी दिसलंय किंवा काहीतरी सुटलंय. दुसरीच शक्यता जास्त. पैसे लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि पैज मिसळीवर लावली तरी रविवार चांगला जातो.

वही ठेवा. ७० टक्के लिहिलं आणि तो जिंकला, तर चूक ०.३; तिचा वर्ग ०.०९. हरला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. दरवेळी ५०-५० लिहिणाऱ्याला कायम ०.२५ पडतात, त्यामुळे तुमची सरासरी त्याच्या खाली यायला हवी. ९० टक्के लिहून तोंडावर आपटलात तर ०.८१ चढतात, म्हणून उगाच छाती फुगवणारा या हिशोबात लवकर उघडा पडतो.

टक्क्यांशेजारी एका ओळीत कारण लिहा: ‘जाळीला दाबून धरेल, तिसऱ्या फेरीत समोरचा दमेल’. लढतीनंतर आधी ते कारण तपासायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये कमारू उस्मान तिन्ही पंचांकडे पुढे होता. पाचव्या फेरीचं एक मिनिटही उरलं नसताना लिऑन एडवर्ड्सची लाथ डोक्यावर बसली आणि किताब गेला. उस्मानला ७५ टक्के देणाऱ्याचं लढतीचं वाचन त्या दिवशी बरंचसं बरोबर होतं. ‘लिऑनच, डोळे झाकून!’ म्हणणाऱ्याने मिसळ जरूर खावी, पण त्याला कारण विचारा आणि तेही वहीत लिहून ठेवा.