पहिल्या क्रूझला निघताय? फ्लोमीटर नीट समजून घ्या

सिंधु साधना किंवा सागर संपदा या संशोधन जहाजांवर जागा मिळाली की नवखी मुलं सीटीडीचीच (पाण्याची क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र) तयारी करून येतात. तिथे सहसा अनुभवी माणसं असतात. प्राणिप्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं) जाळं मात्र तुमच्याच गळ्यात पडणार, तेही रात्री दोनला. विंच (वायर गुंडाळणारं यंत्र), कॉड-एंड (जाळ्याच्या टोकाचं नमुना जमा होणारं भांडं), स्टेशन (नमुना घेण्याची ठरलेली जागा) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून फक्त फ्लोमीटरबद्दल सविस्तर लिहितो. मेहनतीने गोळा केलेले नमुने इथेच मातीमोल होतात.

फ्लोमीटर म्हणजे जाळ्याच्या तोंडातला छोटा पंखा; किती पाणी गाळलं गेलं ते तो फेरे मोजून सांगतो. तो चुकला तर बाटलीत कोपेपॉड (प्राणिप्लवकांतले बारीक कवचधारी जीव) किती हे कळेल, घनमीटरमागे किती हे कधीच कळणार नाही. माशांची अंडी-पिल्लं कुठे दाट आहेत, कोणता पट्टा जपायला हवा, हे घनमीटरच्या आकड्यावरच ठरतं.

डब्ल्यूपी-2 या प्रमाणित प्लवक-जाळ्याचं तोंड 0.25 चौरस मीटर. 100 मीटरवरून सरळ वर ओढलं तर 25 घनमीटर पाणी. फ्लोमीटर जनरल ओशियॅनिक्स कंपनीचा आणि त्याचा पंखा (रोटर) नेहमीचा असेल तर जाळ्याने कापलेलं अंतर (मीटर) = मीटरवरच्या शेवटच्या आणि सुरुवातीच्या आकड्यांतला फरक × 26,873 ÷ 9,99,999. म्हणजे 100 मीटरला फरक सुमारे 3,720 यायला हवा. हा आकडा बंदर सोडण्याआधीच वहीत लिहून ठेवा. 2,000 आला तर जाळी तुंबली असणार. हिवाळ्यात अरबी समुद्रात नॉक्टिल्युका हा एकपेशीय प्लवक फुललेला असताना हे होतंच. 5,000 आला तर डेकवरच्या वाऱ्याने पंखा फिरला, बॅकस्टॉप (पंखा उलटा फिरू न देणारी कळ) नसल्याने उतरतानाचे फेरेही मोजले गेले, किंवा जहाज वाहत गेलं आणि जाळं तिरकं ओढलं गेलं. म्हणून सुरुवातीचा आकडा जाळं पाण्यात जाण्याच्या अगदी आधी, पंखा बोटाने धरून वाचा. शेवटचा आकडा जाळं धुण्याआधी. पाइपच्या पाण्यानेही पंखा फिरतो, हे कुणी सांगत नाही.

‘सगळं पाणी गाळलं गेलं असं धरू’ हा शॉर्टकट सीनियर सुचवतील. ऐकू नका. तुंबलेल्या जाळ्यात ते साफ खोटं ठरतं.

वायर उभ्या रेषेपासून किती कलली आहे तो कोनही लिहा. 200 मीटर वायर सोडली आणि कोन 45 अंश असेल तर जाळं जेमतेम 141 मीटरवर आहे. 30 अंशाला 173. कोन वाढला की ब्रिजला (जहाज चालवणाऱ्या कक्षाला) लगेच कळवा, संकोच नको. जाळं वर ओढण्याचा वेग मिनिटाला 45 मीटर. विंचवरचा माणूस वायरच्या आवाजावरून जे ओळखतो ते कुठलाही गाइड शिकवणार नाही. त्याच्याशी पहिल्याच दिवशी बोला.

बाकी, म्हणजे नमुने टिकवणं, सोपं आहे, खरंच. 500 मिलीच्या बाटलीत बाजारी फॉर्मॅलिन 50 मिली, तेही बोरॅक्स घातलेलं, नाहीतर फॉर्मॅलिनमधल्या आम्लामुळे टेरोपॉडांचे (तरंगत्या गोगलगायींचे) शंख विरघळतात. डीएनएसाठी वेगळा नमुना 95 टक्के इथेनॉलमध्ये. 24 तासांनी इथेनॉल बदला, कारण जीवांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. बाटलीत प्लवक एक तृतीयांशाहून जास्त नको. चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत टाका, बाहेरची मार्करची अक्षरं इथेनॉलने पुसली जातात.

मळमळेल. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना होतं, त्यावरून आपण या कामाचे नाही असं ठरवू नका. गोळी जहाज हलण्याआधी घ्या. आणि शिफ्ट संपताना, कितीही डोळे मिटत असले तरी, फ्लोमीटर गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. मीठ बसलं की पंखा जड फिरतो आणि पुढच्या स्टेशनचा आकडा कमी येतो.