'फॉरमॅट करा' म्हणणाऱ्या डिस्कमधून गाणी परत मिळवताना

गाण्यांचा आणि जुन्या रेकॉर्डिंगचा सगळा साठा असलेली हार्ड डिस्क जोडली, तर विंडोज म्हणे आधी फॉरमॅट करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) 'रॉ' दिसत होतं, म्हणजे विंडोजला तिथली फाइल सिस्टिम, फायली कुठे आहेत याची मांडणी, ओळखता येत नव्हती. पण म्हणून फायली गेल्याच असं नाही. बरेचदा फाइल सिस्टिमची नोंद तेवढी बिघडलेली असते. फॉरमॅटला नकार दिला. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधनही चालवलं नाही, कारण ते दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहितं.

आधी लिनक्समधून डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. हे साधन सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणारे सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) मागे ठेवतं. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल दिली असेल तर मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. (डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र यातलं काहीही न करता सरळ जाणकाराकडे द्यावी.)

मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशन आणि फायली शोधणारं साधन चालवलं. बरेचसे फोल्डर नावांसकट दिसले, ते उतरवून घेतले. उरलेल्यांसाठी फोटोरेक हे दुसरं साधन. ते फाइलच्या आतल्या खुणांवरून तिला ओळखतं, त्यामुळे मूळ नावं जातात; 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा, असा ढीग हाती येतो. खरी कटकट इथे. पण गाण्याचे टॅग, म्हणजे नाव, गायक, अल्बम अशी माहिती, फाइलच्या पोटातच असतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या गाणी ओळखून नावं लावणाऱ्या प्रोग्रॅमने त्यांवरून, आणि टॅग नसतील तिथे ध्वनीच्या ठशावरून, बरीच नावं परत लावली. घरगुती रेकॉर्डिंग कुठल्या डेटाबेसमध्ये असणार? ती एकेक ऐकूनच ओळखली. काही मध्येच तुटतात, तरी ठेवली आहेत.