हॉटेलातलं ओशट कार्पेट: कुठे काय वापरायचं

टेबलावरचा एक कोरडा पांढरा टिश्यू घ्या, स्वयंपाकघराच्या दारासमोर कार्पेटवर ठेवा, त्यावर टाच दाबून अर्धा मिनिट उभे राहा आणि मग तो दिव्यासमोर धरा. नुसता काळवंडला असेल तर तिथे धूळ आहे. कागद तेलकट होऊन आरपार दिसू लागला असेल तर तेल आहे. हेच कोपऱ्यातल्या एखाद्या टेबलाखालीही करून बघा. बहुतेक ठिकाणी दारापासूनचे पहिले दहा-पंधरा फूट आणि वाढप्यांची ये-जा असते ती वाट एवढंच खरं ओशट असतं, बाकीचं धुळकट. दोन्हींना एकच उपाय केला की पैसे तरी वाया जातात, नाहीतर कार्पेट तरी.

कढईतून उडणारं तेल आधी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसतं आणि तिथून बुटांच्या तळव्यांना लागून बाहेर येतं. तर्री, तूप, लोणी यांची भर वरून. हे तेल हवेने घट्ट आणि चिकट होत जातं आणि शेवटी जुन्या झाऱ्यावर बसतो तसा पिवळट राप धाग्यावर बसतो. दिसतो तो काळा रंग धुळीचा, पण धूळ धरून ठेवतं ते तेल. म्हणून कुठल्याही पद्धतीला एकच प्रश्न विचारायचा: ही तेल कार्पेटच्या बाहेर काढते, की जागच्या जागी फिरवते?

बोनेट, म्हणजे गोल मशीनखाली ओला पॅड, हा फिरवण्याचाच प्रकार. वरचा थर उजळतो, उद्या लग्नाची पार्टी असेल तर वेळ मारून नेता येते. पण तेल मुळाशी जातं आणि कापीव धाग्याच्या कार्पेटवर गोल खुणा उठतात. फेसाळ शाम्पू त्याहून वाईट. तो वाळला तरी चिकटच राहतो आणि थोड्याच दिवसांत ती वाट आधीपेक्षा काळी दिसते. भांड्यांचं लिक्विड ही याच चुकीची स्वस्त आवृत्ती. शिवाय मशीनच्या टाकीत फेस चढून मोटरपर्यंत जातो. एन्कॅप्सुलेशन, म्हणजे मळाला वेढून घेणारं द्रावण मारून वाळू देणं, चांगलं, पण धुळकट भागासाठी. त्यातलं पॉलिमर वाळून ठिसूळ होतं, मळ त्यात अडकतो आणि व्हॅक्युमने निघतो. तेल जास्त असलं की ते ठिसूळ होतच नाही. ओशट वाटेसाठी फवारा, ब्रश आणि मग गरम पाणी सोडून ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्टर मशीन, याला आमच्या मते पर्याय नाही.

त्याआधी धागा ओळखा. सोफ्याखालचा छोटा बुचका कापा, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बोटांनी दाबून हवा काढा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर वाळवून, चिमट्यात धरून जाळा: केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. नायलॉनला १० पर्यंतच्या पीएचचं (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर अल्कली) डिग्रीझर, म्हणजे तेल सोडवणारं केमिकल, चालतं. लोकरीला ८.५ च्या वर जाऊ नका आणि पाणी कोमटच ठेवा. खाली तागाचं अस्तर असेल तर जास्त ओल आणि अल्कली मिळून तपकिरी डाग वर येतात. पॉलिप्रॉपिलीन पाणी शोषत नाही पण तेल मात्र घट्ट धरतं, त्यामुळे नुसत्या अल्कलीने भागत नाही, फवाऱ्यात संत्र्याच्या सालीपासून निघणारं लिमोनीनवालं सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारं द्रव, लागतं. सॉल्व्हंटची बाटली उघडण्याआधी गल्ल्यावरच्या देवापुढचं निरांजन आणि उदबत्ती शांत करा, तंदूर आणि गॅसचे पायलट, म्हणजे सतत जळत राहणाऱ्या छोट्या ज्योतीही.

आता प्रत्यक्ष काम. आधी कोरडं व्हॅक्युम, हळू, उभं आणि आडवं. ही पायरी गाळली की धुळीचा चिखल होतो आणि पुढचं सगळं केमिकल त्यातच खर्च होतं. मग ओशट भागावर डिग्रीझरचा फवारा: १०० चौरस फुटांना साधारण २ लिटर तयार द्रावण, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. कडक केलं तर जास्त निघत नाही, उलट धुऊन काढायला जास्त लागतं. हाताने दाब भरायचा साधा पंप पुरतो. पंखे आणि एसी बंद करून १० ते १५ मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात अल्कली चरबीचा काही भाग साबणात बदलते आणि बाकीचं तेल धाग्यावरून सुटं होतं. फवारा वाळू देऊ नका, वाळायला लागला तर पाण्याचा हलका शिडकावा करा. थांबण्याच्या मधल्या वेळात ब्रश मारा, मऊ नायलॉनचा. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची घासणी कधीच नाही.

मग एक्स्ट्रॅक्टर. सिंथेटिक धाग्याला पाणी ६० अंशांच्या आसपास. वनस्पती तूप ३१ ते ४१ अंशांना वितळतं, म्हणजे डिसेंबरच्या रात्री गार पाण्याने काम केलं तर ते गोठलेलंच राहणार. एक पट्टा पाणी सोडत ओढा आणि त्याच पट्ट्यावर पाणी बंद करून दोनदा नुसतं ओढा. टाकीत जाणारं पाणी चहासारखं तपकिरी असेपर्यंत पुन्हा.

शेवटचं खळबळणं सगळ्यात जास्त वेळा चुकवलं जातं. १० लिटर पाण्यात १० ग्रॅम लिंबूसत्व घालून त्याच मशीनने एक फेरी घ्या. उरलेली अल्कली मारली जाते, धागा मऊ राहतो आणि मळ लवकर धरत नाही. ओल्या धाग्यावर पीएच पट्टी दाबली की ६ ते ८ दिसलं पाहिजे. पाणी कुठलं हेही बघा. महापालिकेच्या नळाचं असेल तर फारशी अडचण येत नाही, पण शहराच्या कडेच्या भागांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातला चुना साबणाशी मिळून राखाडी साका धाग्यावर बसवतो. अशा ठिकाणी सॉफ्टनरचं पाणी भरून घ्या.

हळदीचा डाग मात्र या सगळ्याच्या आधी हाताळा. डिग्रीझर लागताच पिवळा डाग लालभडक होतो आणि पोरं घाबरून आणखी घासत सुटतात. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तीच ही क्रिया. लिंबूसत्वाच्या फेरीनंतर तो पुन्हा पिवळा होतो. पण घासल्याने तो पसरलेला असतो, ते काही परत येत नाही. म्हणून आधी पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडेकडून मध्याकडे टिपा, फडक्याची जागा सारखी बदलत. पिवळेपणा फडक्यावर उतरायचा थांबला की उरलेल्याला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. दुकानात ६ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घाला. रंग उडतो का ते आधी कोपऱ्यात तपासा. क्लोरीनचं ब्लीच नको: लोकर विरघळते, नायलॉनचा रंग जातो.

रात्री बारानंतर काम सुरू होतं आणि सकाळी अकराला गिऱ्हाईक येतं, हे गणित धरून पाणी वापरा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत जमिनीलगत दोन-तीन ब्लोअर लावले की काम भागतं. पावसाळ्यात खिडक्या उघडून काही होत नाही, उलट बाहेरची ओल आत येते. दारं लावून एसी ड्राय मोडवर आणि ब्लोअर चालू. श्रावणात नॉनव्हेज हॉटेलांत गर्दी कमी म्हणून सगळं कार्पेट तेव्हाच धुवायला काढतात, आणि नेमका तोच महिना वाळायला सगळ्यात वाईट. मोठी धुलाई मे संपायच्या आत उरका, श्रावणात फक्त वाट.

सकाळी तोच डाग पुन्हा वर आलेला दिसला तर काम वाईट झालं असंच नाही. तळातलं तेल वाळताना पाण्याबरोबर धाग्याच्या टोकाला चढतं. रात्री त्यावर थोडं एन्कॅप्सुलेशनचं द्रावण फवारा, जाड टॉवेल घाला, वजन ठेवा आणि सकाळपर्यंत सोडा. कार्पेट टाइल्स असतील तर काम आणखी सोपं: दारासमोरच्या काढून टेबलाखालच्या तिथे टाका, काढलेल्या निवांत धुवा. टाइल्सवर पाणी मात्र बेताने, सांध्यांतून खाली गेलं की गोंद सुटतो.

मशीनमधलं पाणी पावसाळी गटारात ओतू नका, पुण्यात ते थेट नाल्यातून मुठा नदीत जातं. धागे-केस गाळून घ्या, पाणी गार होऊ द्या आणि ग्रीस ट्रॅपमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या टाकीतून, ड्रेनेजला सोडा. गरम सोडलं तर तेल ट्रॅपमध्ये न थांबता पुढे जाऊन पाइपात गोठतं.